चंद्रपूरच्या हवेचा आकडा पण रोज छापा

संपादक साहेब, नमस्कार.

दिवाळी आली की तुमच्या पहिल्या पानावर दिल्लीची हवा येते. इंडिया गेटचा धुरकट फोटो, एक्यूआय म्हणजे हवेच्या प्रदूषणाचा आकडा 400 च्या वर, शाळा बंद, ग्रॅप म्हणजे प्रदूषण वाढलं की लागणारे दिल्लीचे निर्बंध लागू, आणि मुंबईत धुरकं दिसलं की मग आठवडाभर तेच. त्यात चूक काहीच नाही, तिथल्या लोकांचे हाल छापलेच पाहिजेत. पण आम्ही चंद्रपूरचे लोक तोच पेपर तेवढेच पैसे देऊन घेतो आणि आमच्या हवेची बातमी आलीच तर जिल्ह्याच्या पानावर खाली कोपऱ्यात, ती पण कुणी मोर्चा काढला नाहीतर निवेदन दिलं तरच.

2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं औद्योगिक भागांची प्रदूषणाच्या गुणांनुसार यादी काढली होती, त्यात चंद्रपूर 83.88 गुणांनी देशात चौथं आलं, पुढे फक्त अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद. म्हणजे हे दुखणं जुनं आहे. 2920 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, आजूबाजूला कोळशाच्या खाणी, सिमेंट कारखाने, घुग्घुस रोडवर दिवसरात्र कोळशाचे ट्रक, त्यातल्या कितीतरींची ताडपत्री नुसती नावाला बांधलेली. इथली वीज सगळ्या राज्यात जाते, पुण्या-मुंबईचे एसी पण त्यावर चालतात, मग त्या विजेची राख कुठे पडते ही बातमी फक्त चंद्रपूर आवृत्तीची कशी काय?

दुसरं म्हणजे तुम्ही जो सल्ला छापता तो पण दिल्लीचाच राहतो. दारं-खिडक्या बंद ठेवा, एअर प्युरिफायर लावा, सकाळी फिरायला जाऊ नका. आमच्याकडे धूळ काही हिवाळा संपला म्हणून थांबत नाही, भर उन्हाळ्यात पण असते, आणि मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेल्यावर इथल्या बहुतेक घरांत खिडकीत कूलर लागलेला असतो, तो बाहेरचीच हवा आत ओढतो आणि समोरचं दार उघडं नसेल तर घरात नुसता दमटपणा होतो, मग खिडकी बंद करायची तरी कशी? कूलरची खस काढून टबात बुडवली की पाणी काळं होतं, आणि त्याच खसमधून आलेल्या हवेत लेकरं रात्रभर झोपतात. यावर इथल्या छातीच्या डॉक्टरांना विचारून एक चांगला लेख करा ना, तो विदर्भातल्या घराघरात वाचला जाईल.

अजून एक, तुम्ही परदेशी ॲपवरून "जगात सर्वात प्रदूषित शहरं" अशी लाइव्ह यादी उचलता. त्या यादीत मोठी महानगरंच असतात, चंद्रपूर तिथे दिसणारच नाही, आणि वाचकाला वाटतं की तिथली हवा बरी असेल. शिवाय त्या ॲपचं स्केल अमेरिकन. पीएम 2.5 म्हणजे हवेतली अगदी बारीक धूळ, ती घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या सरकारी एक्यूआयमध्ये ते 100 येतं म्हणजे "समाधानकारक", आणि अमेरिकन स्केलवर तेच 150 च्या वर जातं. एक दिवस हा आकडा, दुसऱ्या दिवशी तो, असं छापलं तर लोकांनी काय समजायचं! मेघालय-आसामच्या सीमेवरचं बर्निहाट हे छोटं गाव आयक्यूएअर कंपनीच्या 2024 च्या अहवालात प्रदूषणात जगात पहिलं आलं, तेव्हा दोन दिवस त्याचं नाव दिसलं, मग परत दिल्ली.

बातमीनं फरक पडतो म्हणून एवढं लिहितोय. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या हवेवर सगळे पेपर-चॅनल तुटून पडले, महापालिकेनं मोठ्या बांधकामांना 35 फुटी पत्रे लावायचे नियम काढले, हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली, फटाक्यांची वेळ कमी केली. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली 19 शहरं आहेत, अकोला, अमरावती, जळगाव, जालना, लातूर, सांगली, चंद्रपूर सगळी त्यात येतात, पैसे पण येतात, पण ते कुठे खर्च झाले हे विचारणारी बातमी मुंबई-पुण्याबाहेर फारशी दिसत नाही. विचारणारं कोणी नसलं की अधिकाऱ्यांना पण घाई नसते.

माझी मागणी साधी आहे. सोन्याचा भाव आणि तापमान रोज छापता त्या शेजारी या 19 शहरांचा सरकारी एक्यूआय छापा, सगळ्या आवृत्त्यांत, बाराही महिने. चंद्रपूरला शहरात एक आणि खुटाळा एमआयडीसीत एक अशी दोन सरकारी स्टेशनं आहेत, आकडे ऑनलाइन मिळतात. आणि ज्या दिवशी स्टेशन बंद असेल त्या दिवशी जागा मोकळी न सोडता "आकडा उपलब्ध नाही" असं स्पष्ट छापा, म्हणजे मशीन किती दिवस बंद पडून होतं ते आम्हाला पण दिसेल आणि प्रदूषण मंडळाला पण.

तुमचा नेहमीचा वाचक,
चंद्रपूर