उलटा बसलेला दगड

कराड,
बुधवार

चि. केदार यास अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. आईचा गुडघा विमानात आखडला होता, आता बरा आहे.

गावचा वाडा पाडायचा का, हे तू विमानतळावर विचारलंस तेव्हा मी विषय टाळला. राग नव्हता, उत्तर तयार नव्हतं. आता लिहितो, पण आधी तुझ्या इंग्लंडातल्या एस्कमच्या जुन्या चर्चचं सांगू दे. त्या दिवशी तुला ऐनवेळी ऑफिस निघालं आणि बिशप ऑकलंडहून आम्ही दोघंच टॅक्सीनं गेलो. संध्याकाळी तू विचारलंस, "कसं होतं?" आई म्हणाली, "गारठा फार." तेवढ्यावर विषय संपला.

डरहॅमचं कॅथेड्रल तू हौसेनं दाखवलंस. १०९३ सालचा पाया, ते खांब, सगळं भव्यच. पण एवढं मोठं काम पाहिलं की माझ्यासारख्या जुन्या ओव्हरसियरला बिल किती झालं असेल एवढंच सुचतं. एस्कम मात्र माझ्या आवाक्यातलं निघालं. वेअर नदीजवळचं खेडं, भोवती साधी घरं, मधोमध गोलसर आवार आणि त्यात झेडपीच्या शाळेची एखादी खोली वर ताणावी तसं चर्च. दाराला कुलूप. किल्ली जवळच्याच एका घराबाहेर टांगलेली असते; आपण घ्यायची, आपणच परत लावायची. आई म्हणाली, "आपल्याकडे किल्लीबरोबर कुलूपही गेलं असतं."

आत गाभाऱ्याआधीची जागा जेमतेम साडेचार मीटर रुंद आणि तेरा मीटर लांब, उंची मात्र भरपूर. बांधकाम ६७५ च्या सुमाराचं. वेरूळचं कैलास व्हायला तेव्हा अजून शंभरेक वर्षं होती. आज ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या स्वतःच्या चर्चपंथाचं, म्हणवतं, पण बांधलं तेव्हा तो पंथच नव्हता. पोपशी फारकत घेऊन तो सुरू करणारा राजा आठवा हेन्री यायला साडेआठशे वर्षं बाकी.

आणि दगड? जवळच बिंचेस्टरला रोमन लोकांचा ओस पडलेला किल्ला होता. तिथले घडीव चिरे उचलून आणले असं जाणकार मानतात. काही दगडांवर रोमन टाकीचे आडवेतिडवे घाव अजून हाताला लागतात. गाभाऱ्याची कमान तर किल्ल्यातून अख्खीच आणली असावी म्हणतात. तिच्या दोन्ही बाजू बघायला हव्या होत्यास तू. एक लांब दगड उभा, त्यावर एक आडवा भिंतीत आरपार गेलेला, पुन्हा उभा, पुन्हा आडवा. आडवा दगड उभ्याला भिंतीत धरून ठेवतो. साइटवर मुकादमाला हेच सांगून माझा घसा बसायचा.

जुन्या खिडक्या लहान, उंचावर, आतल्या बाजूला रुंद होत गेलेल्या, म्हणजे थोडक्या उजेडाचा पसारा मोठा. नंतरच्यांना तो पुरेना, त्यांनी मोठ्या टोकदार खिडक्या फोडल्या. मी असतो तर मंजुरी दिली नसती. तुझ्या आईला मात्र त्याच आवडल्या. "पोथी वाचता येईल," म्हणाली.

दक्षिणेच्या भिंतीवर सावलीचं घड्याळ आहे. तास नाहीत, प्रार्थनेच्या वेळांच्या तीनच रेघा, आणि भोवती सापासारखा प्राणी. पण मी थबकलो उत्तरेच्या भिंतीपाशी. तिथल्या एका दगडावर रोमनांच्या सहाव्या पलटणीचं नाव कोरलंय, आणि दगड बसलाय उलटा. गवंड्याला वाचता येत नसेल, किंवा येत असूनही फिकीर नसेल. त्यानं दगडाची बैठक बघितली, अक्षरं नाही. साडेतेराशे वर्षं तो हललेला नाही. मी मोबाईल उलटा धरून फोटो काढला, तो तुला पाठवलाय.

१८६३ साली गावानं नवं चर्च बांधलं आणि हे सोडून दिलं. बारा वर्षांत छप्पर गेलं. मग कुणाला तरी जाग आली, दुरुस्ती झाली. पुढे शंभरेक वर्षांनी ते नवंच पाडावं लागलं आणि लोक परत या जुन्यात आले. आईला हे सांगितलं तर ती नुसती हसली.

तर वाडा. पाडायला माझी हरकत नाही. सोप्याच्या तुळयांना वाळवी लागलीय, पश्चिमेची भिंत ओळंब्यात नाही, हे मला तुझ्याआधी माहीत होतं. पण जोत्याचे चिरे आणि पणजोबांनी बसवलेला उंबरा विकायचा नाही. ठेकेदार ट्रकमागे भाव सांगेल, भुलू नकोस. नव्या घराच्या जोत्याला तेच चिरे लावायचे. कुठला कुठे बसेल त्याचा आग्रह नाही.

काम सुरू व्हायच्या आधी मला चार दिवस दे. खडू चालणार नाही, पावसात जाईल. ऑइलपेंटचा डबा आणून ठेवलाय, चिऱ्यांवर नंबर टाकतो.

तुझे,
बाबा