चीनची बाजू नीट मांड

प्रिय मनू,

काल फोनवर तुझा आवाज एवढासा झालेला, एमयूएनमध्ये, म्हणजे मुलांनी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन भरवायच्या त्या संयुक्त राष्ट्रांच्या नकली सभेत, भारत नाही मिळाला, चीन मिळाला, आणि विषय नेमका मासेमारीच्या सबसिडीचा म्हणून. मला विचारशील तर बरंच झालं. भारताची बाजू मालवणच्या पोरीला पाठच असते, बोटीच्या डिझेलवर सरकारकडून मिळणारा परतावा थकला की घरात काय होतं ते तू लहानपणापासून बघतेयस. चीनचा लांब समुद्रातला ताफा जगात सगळ्यात मोठा, पार पश्चिम आफ्रिका, दक्षिण अमेरिकेपर्यंत जातो, त्याचा राग येतो हे खरं, पण त्या बोटींवरही खलाशी आहेत, त्यांचीही घरं त्यावरच चालतात, आणि ते तुला मनापासून मांडता आलं पाहिजे.

आधी डब्ल्यूटीओचा, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा, मासेमारी सबसिडीचा करार वाच. जून 2022 मध्ये जिनिव्हात झाला आणि सप्टेंबर 2025 मध्ये लागू झाला. बेकायदा मासेमारीला, किंवा जिथे मासळी आधीच संपत आलीय तिथे, सरकारने पैसे द्यायचे नाहीत असं त्यात आहे. खरं भांडण उरलंय ते ताफे वाढवणाऱ्या सबसिडीचं. भारत म्हणतो आमचे मच्छिमार छोटे, आम्हाला 25 वर्षांची मुदत द्या आणि लांब जाणाऱ्या देशांनी तेवढी वर्षं सबसिडी बंद ठेवावी. तिथे मतदानाने काही ठरत नाही, सगळ्यांची संमती लागते, एक देश अडला की सगळं अडतं.

म्हणून सांगते, भाषण पाठ करण्यात रात्र घालवू नको, तुमच्या त्या अनमॉडरेटेड कॉकसची, भाषणं थांबवून आपापसात मोकळं बोलायच्या वेळेची, तयारी कर. मच्छिमार सोसायटीच्या मीटिंगला माझ्यासोबत आलेलीस ना, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले आणि मोठ्या बोटींनी जाळं टाकणारे पर्ससीनवाले नुसते ओरडत होते, मग ते रापणीचे म्हातारे काका उठले आणि पर्ससीनच्या मालकाला एवढंच विचारलं, बँकेचा हप्ता किती रे तुझा, खलाशी किती? तो सगळं सांगत बसला, आणि मगच काका म्हणाले, आता कुठल्या महिन्यात किनाऱ्याजवळ येणार नाहीस तेवढं बोल. त्यावर तो पहिल्यांदा खाली बसून बोलला. मला ते फार आवडलेलं.

भारताच्या जागी जो कोण बसेल त्याला आदल्या दिवशीच गाठ, काय सोडता येईल आणि काय अजिबात नाही ते विचारून घे. पोझिशन पेपर, चीनची भूमिका लिहायचा तो कागद, झाला की व्हॉट्सअॅपवर टाक, चीनमध्ये डिझेलला सरकार काय देतं ते बाबांना वाचायचंय, दोनदा विचारून झालं त्यांचं.

तुझी आई