आप्पांच्या रेडिओतला व्हॉल्व्ह

रामबाग, इंदूर
१४ डिसेंबर

प्रिय बाळ्या,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे. तुझे आप्पा गेले त्याला आठ महिने झाले. तेराव्याला आलो नाही, फोनवर नुसतं "येतो, येतो" म्हणत राहिलो आणि नंतर तुझे फोनही उचलेनासा झालो. का, ते याच पत्रात आहे, पण एकदम लिहवत नाही. आधी व्हॉल्व्हचं सांगतो.

तब्येत ठीक. शुगर आहे तिथंच आहे, सराफ्यातले गराडूही आहेत तिथंच आहेत.

तर, अ‍ॅम्प्लिफायर परत काढलाय, जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा. रिटायर झाल्यावर करीन म्हणत होतो ना, तोच. सौ. म्हणते, "लोक नर्मदा परिक्रमेला जातात, तुम्ही डाख लावत बसा." चासी तयार आहे, भोकं पाडून झाली. गाडी अडलीय ती आउटपुटला कुठले व्हॉल्व्ह घालायचे इथं. जेल रोडला व्हॉल्व्ह मागितला तर काउंटरवरच्या पोराने, "भिया, प्लंबिंगचं सामान पुढच्या गल्लीत," म्हणून वाट दाखवली.

तुझं मत मला पाठ आहे: ईएल-३४, पुश-पुल म्हणजे एकेका बाजूला दोन-दोन व्हॉल्व्ह, पस्तीस वॅट, "भिंती हलल्या पाहिजेत". तुझंच ऐकून उन्हाळ्यात चार ईएल-३४ मागवले. स्लोव्हाकियाचे, नवेकोरे, किंमत सौ.ला अर्धीच सांगितली आहे. डबा उघडला आणि मग हिशोब मांडला. एकेकाचा हीटर दीड अँपिअर पितो, चारांचे सहा अँपिअर नुसते तापायलाच. वर प्लेटला पावणेचारशे व्होल्ट. एवढ्याचा पॉवर ट्रान्सफॉर्मर म्हणजे पाटाच निघतो. आणि मे महिन्यात माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत ही शेगडी पेटवून ऐकणार कोण? मी. रात्री साडेदहानंतर, शेजारच्या काकू झोपल्यावर, अमीर खाँसाहेबांचा मारवा. त्या विलंबिताला पस्तीस वॅट कशाला लागतात रे?

त्यापेक्षा धाकटा ईएल-८४ एकटा, सिंगल-एंडेड म्हणजे एका बाजूला एकच, अडीचशे व्होल्टवर पावणेसहा वॅटच्या आसपास देतो, तेही दहा टक्के डिस्टॉर्शन सोसून. ऐकायला तू हसशील. पण पावणेसहाचे पस्तीस केले तरी फरक पडतो आठ डेसिबलचा. कानाला आवाज दुप्पट वाटायला दहा लागतात. म्हणजे सहापट वॅट घालून दुप्पटसुद्धा नाही! हे तुला १९८३ मध्येच सांगत होतो आणि तू मला कंजूस म्हणाला होतास. तो शब्द मी अजून विसरलेलो नाही.

३००बीचं नाव काढू नकोस, तेवढ्या पैशांत स्कूटर येते. ८०७ पण नको. डोक्यावरची ती टोपी बघितली की मला लग्नातला भोंगाच आठवतो.

व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची तर वेगळीच गंमत. सिंगल-एंडेडमध्ये प्राइमरीतून डीसी सतत वाहतो, म्हणून कोरमध्ये फट ठेवावी लागते. हे वाइंडिंगवाल्या भियाला तीनदा समजावलं. तो मान डोलवत राहिला आणि पत्र्या एकाआड एक उलटसुलट भरून मोकळा झाला, मेनच्या ट्रान्सफॉर्मरला भरतात तशा. कोर सॅच्युरेट, तबल्याचा बायाँ गायब, नुसती चाटीची टिकटिक. मग सगळ्या 'ई' आकाराच्या पत्र्या एका बाजूला, सगळ्या 'आय' आकाराच्या एका बाजूला आणि मधे कागद घालून परत बांधला. कागद कुठला, तर माझ्या पेन्शनच्या पावतीचा. पुश-पुलमध्ये दोन्हीकडचा डीसी एकमेकाला मारतो, ही भानगड राहत नाही, कबूल. पण तिथं जोडी जुळलेली लागते.

आणि जोडी जुळत नाही, बाळ्या. एक ईएल-८४ दिल्लीहून मागवलेला, दुसरा घरातच सापडला. दिवाळीच्या साफसफाईत बिस्किटाच्या डब्यात, कापसात गुंडाळलेला. बीईएलचा, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, अक्षरं जवळपास पुसलेली. काचेवर खाली पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका, तापून तपकिरी झालेला.

तो ठिपका कुणाचा, हे तुला सांगायला नको. तुमच्या घरातल्या तांब्यावर, छत्रीवर, टॉर्चवर, तुझ्या सायकलच्या घंटीवर तोच होता.

गणपतीसाठी आपण अ‍ॅम्प्लिफायर बांधत होतो तेव्हा तुझ्या ओवाळणीच्या पैशांतून आणलेला व्हॉल्व्ह माझ्या हातून पडला. वरचा चांदीचा आरसा बघता बघता दुधासारखा पांढरा झाला, म्हणजे हवा शिरली. तुला सांगायची लाज वाटली. तू भजी आणायला गेलास तेवढ्यात तुमच्या रेडिओतला काढून घेतला आणि पांढरा तिथं बसवला. रात्री रेडिओ मुका. पाठ काढून चाळा करण्याची सवय तुझी, म्हणून आप्पांनी तुला वाड्यासमोर ठोकलं. मी जिन्यात उभा होतो.

आपला अ‍ॅम्प्लिफायर मात्र दहा दिवस वाजला. एवढा घूं घूं करायचा की आरतीला वेगळा तानपुरा लागला नाही.

आता जे मला झोपू देत नाही ते हे. मेलेला व्हॉल्व्ह आप्पांनी स्वतः रुमालात धरून काढला होता. त्याच्यावर ठिपका नाही, हे त्यांना दिसलं नसेल? स्वतःच्या पळीवर ठिपका शोधणारा माणूस! आणि आपल्या रेडिओत बाहेरचा व्हॉल्व्ह कुठून आला, हे कळल्यावर त्यांनी मला का विचारलं नाही? की कळलं तेव्हा तुला मारून झालं होतं? बारावीनंतर त्यांचा व्होल्ट मोजायचा मीटर त्यांनी तुला सोडून मला दिला, तेव्हा तू महिनाभर बोलला नव्हतास. मीही तेव्हा फुशारलो. आता तो मीटर हातात घेतला की चोरल्यासारखं होतं. अडीचशे व्होल्ट मोजताना एक हात खिशात ठेवायचा, हेही त्यांनीच शिकवलेलं.

गेल्या रविवारी तो ठिपक्याचा व्हॉल्व्ह लावून बघितला. घरात हल्ली दोनशे चाळीस व्होल्ट येतात, जुना ट्रान्सफॉर्मर दोनशे वीसचा, त्यामुळे हीटरला सहा पॉइंट तीनऐवजी पावणेसातच्या वर जात होते. आधी रेझिस्टर घालून ते उतरवलं. अडीचशे व्होल्ट, अठ्ठेचाळीस मिलीअँप म्हणजे बरोबर बारा वॅट, त्याच्या मर्यादेच्या काठावर. म्हाताऱ्याला काठावर कशाला उभा करायचा? करंट आवरायला कॅथोडला एकशे पस्तीसऐवजी एकशे ऐंशी ओहमचा रेझिस्टर घातला, करंट चाळीसवर आला. सिंगल-एंडेडमध्ये ज्याला त्याला स्वतःचा कॅथोड रेझिस्टर, म्हणून जोडी न जुळण्याचं फारसं अडत नाही. हळूहळू लाल झाला आणि वाजला. दहा मिनिटं. मग मीच काढून ठेवला.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिनूच्या लग्नाचं कुठवर आलं? ती घरं बघायची भानगड मिटली का? सगळं सविस्तर कळव, मी विचारायला विसरलो नव्हतो.

व्हॉल्व्ह तुमचा आहे. पाठव म्हणालास तर कापसात बांधून पाठवतो आणि मुकाट्याने ईएल-३४ची शेगडी पेटवतो. मारायला ये म्हणालास तरी येतो. तोवर डाव्या बाजूचा सॉकेट रिकामा आहे.

तुझा,
दिग्या

ता. क. मीटरची सुई अजून शून्याला दोन घरं चुकते. आप्पा टिचकी मारायचे, तशीच मारतो.