पावती द्या, म्हणालात तुम्ही

आदरणीय सर,

खरं तर हे तुमच्यासमोर बसून बोलायला हवं. पण गेल्या आठवड्यात तुमच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट आवरताना जे हाती लागलं, त्यानंतर तुमच्यासमोर तोंडातून शब्द फुटेना. शिवाय तुम्ही केलंत ते चार लोकांना कळावं असंही वाटतं, म्हणून जाहीर लिहिते आहे. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. आमच्या मोंढ्यातले जुने आडते 'कंट्रोलच्या केसेसचे वकील' एवढ्यावरच ओळखतील.

२०२० चा, करोनाच्या टाळेबंदीचा उन्हाळा. मार्चअखेरीस कोर्टं तातडीच्या कामापुरतीच उरली आणि तालुक्याला तारखांवर जगणाऱ्या माझ्यासारखीकडे तातडीचं काम असणार कुठलं? वाटणीचे दावे, भाडेकरूंचे दावे, चेकच्या केसेस. सगळ्यांना पुढची तारीख पडली आणि त्या तारखेलाही पुढचीच. अशील फिरकेना, तर फी कुठून येणार? आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्यानं भाजीची गाडी लावली. मला तेही करता येत नव्हतं, कारण बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला स्वतः दुसरा धंदा करता येत नाही. पुढे जुलैत सुप्रीम कोर्टानं वकिलांच्या मदतीचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, तेव्हा हीच अडचण तिथं नोंदली गेली. तोवर मी घरमालकाला दोनदा हात जोडून झाले होते.

मदतीची सोय नव्हती असं नाही. गरजू वकिलांसाठी राज्याच्या बार कौन्सिलला निधी उभारता येतो, हे १९६१ च्या अधिवक्ता कायद्यातच लिहिलं आहे. आपल्याकडे १९८१ पासून कल्याण निधीचा वेगळा कायदाही आहे. वकीलपत्रावर वेल्फेअरचं तिकीट आपण सगळेच चिकटवतो. ती तिकिटं चिकटवताना आपल्यावर अशी वेळ येईल असं कधी मनात आलं नव्हतं.

एका संस्थेनं वकिलांना धान्याचे किट वाटायचं ठरवलं. नाव नोंदवलं, तर निरोप आला की काळा कोट आणि बँड घालून या. मला वाटलं, ओळख पटवायला असेल. तिथं गेल्यावर कळलं की फोटोसाठी होतं. पिशवीला एका बाजूनं माझा हात, दुसऱ्या बाजूनं तिघा-चौघांचे हात. "मॅडम, इकडे बघा." मी बघितलं. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावभर फिरला आणि तिसऱ्या दिवशी एका अशिलाचा मुलगा दारात आला. वडिलांनी फाइल परत मागितली आहे, म्हणाला. कारण त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जिच्याच घरात दाणा नाही, ती आपली केस काय लढवणार, असं त्या म्हाताऱ्याला वाटलं असेल तर त्याचा राग तरी कसा करू? त्या पिशवीत पाच किलो गहू होते आणि ते आम्ही खाल्ले. पण तो फोटो घेणाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

मग जूनच्या पहिल्या आठवड्यात तुमचा फोन आला. तोवर तुमची-माझी ओळख बार रूममधल्या नमस्कारापुरतीच. म्हणालात, "एक टिपण हवंय. जीवनावश्यक वस्तूंचा कायदा, सुरुवातीपासून. एका औषध दुकानदाराचा माल जप्त झालाय. माझे डोळे आता थकतात, तुम्ही कराल का?"

१३ मार्चला केंद्रानं मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंत घातले होते, तेही ३० जूनपर्यंतच. २०० मिलिलिटर सॅनिटायझरला १०० रुपयांची मर्यादा होती. त्या दुकानदाराचं प्रकरण त्यातलं. मी चार दिवस तुमच्या ऑफिसात बसले. तुम्ही कपाटातून जुनी, कडा झडलेली गॅझेटं काढून देत होतात आणि मी वाचत होते. तीन महिन्यांनी मी पुन्हा वकील झाले होते.

काय काय सापडलं त्यात! दुसऱ्या महायुद्धात भारत संरक्षण नियमांखाली कापड, धान्य, साखर यांवर नियंत्रणं आली. युद्ध संपलं १९४५ मध्ये, पण टंचाई संपली नाही. ते नियम संपुष्टात आले तेव्हा १ ऑक्टोबर १९४६ पासून त्यांच्या जागी एक वटहुकूम लागू झाला आणि मग त्याचा कायदा झाला. त्याच्या नावातच 'तात्पुरते अधिकार' असे शब्द होते. तो जानेवारी १९५५ पर्यंत चालला आणि त्याच्या जागी आजचा १९५५ चा कायदा आला. १९४७ च्या शेवटी गांधीजी प्रार्थनासभांमधून नियंत्रणं उठवा म्हणत होते, ती काही काळ उठलीही आणि भाव चढल्यावर परत आली. माझी आई आजही रेशनच्या दुकानाला 'कंट्रोल' म्हणते. लहानपणी पिशवी घेऊन मीही त्या रांगेत उभी राहिले आहे. तो शब्द लढाईच्या काळापासून आमच्या घरात आहे, हे मला तुमच्या ऑफिसात बसल्यावर कळलं.

आणि ती बागला केस. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईहून कानपूरला परमिटाशिवाय सहा मणांवर नवं सुती कापड नेणाऱ्या नवरा-बायकोला इटारसी स्टेशनवर पकडलं. सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेल्या त्या प्रकरणात १९५४ साली कापडाच्या ने-आणीला परमिट लावणारा तो हुकूम वैध ठरला. तुम्ही मला तो निकाल मोठ्यानं वाचायला लावलात आणि मध्येच थांबवून विचारलंत, "आता दुकानदाराच्या बाजूनं बोला." मी बोलले. जप्त माल सरकारजमा करायच्या आधी कारणं देऊन लेखी नोटीस द्यावी लागते, त्यावर मी वीस मिनिटं बोलले.

टिपण दिलं त्या दिवशी तुम्ही पेनाचं टोपण काढलंत आणि विचारलंत, "तुमची फी?"

मी दबकत आकडा सांगितला. "हे वाचनाचं झालं, लिहिण्याचं धरलं नाहीत," म्हणालात आणि चेकवर त्याच्या दुप्पट आकडा घातलात. मी चेक पर्समध्ये ठेवून उठले, तर हात पुढे करून म्हणालात, "पावती द्या. मला हिशेबाला लागते."

पावती! मार्चपासून पावतीपुस्तक बॅगेच्या तळाशी पडून होतं, कार्बनला घडी पडली होती. मी तुमच्या टेबलावर ते सरळ केलं, तारीख घातली, नाव घातलं, 'व्यावसायिक फी' असं लिहिलं आणि सही केली. माझा हात थरथरत होता आणि तुम्ही खिडकीकडे बघत होतात. तो चेक कुणीही दिला असता, सर. त्या वर्षी बऱ्याच भल्या माणसांनी बऱ्याच जणांना पैसे दिले, गुपचूपही दिले. पण घेणाऱ्याकडे पावती मागायचं तुम्हाला सुचलं. दान घेणाऱ्याकडे कुणी पावती मागत नाही. घरी येईपर्यंत माझी मान वर होती, ती त्या कागदाच्या चिठोऱ्यामुळे.

आता कपाटाचं सांगते. गेल्या आठवड्यात गॅझेटांच्या खाली एक फाइल निघाली. त्या दुकानदाराचीच, तुमच्या अक्षरात सात पानं. तेच कलम, तोच निकाल, नोटिशीचा तोच मुद्दा. वर तारीख २९ मे २०२०. म्हणजे मला फोन करायच्या आधीच तुमचं टिपण तयार होतं. थकलेल्या डोळ्यांनी लिहिलेलं, एकही खाडाखोड नसलेलं. आणि शेवटच्या पानाला टाचणीनं लावलेली माझी पावती.

मी फाइल होती तशी ठेवली आणि तुम्ही विचारलंत तेव्हा धूळ फार आहे म्हणाले. डोळे त्यामुळेच लाल होते असं तुम्हाला वाटलं असेल, किंवा नसेलही.

सध्या माझ्याकडे एक मुलगा येतो, नवी सनद घेतलेला. परवा त्याच्याकडून एक दावा लिहून घेतला आणि फी विचारली. तो गोंधळला. पावतीपुस्तक नाही म्हणाला. मी त्याला खालच्या स्टेशनरीच्या दुकानात पाठवलं आणि तो येईपर्यंत चेक लिहिला नाही.

सोमवारी येते. बागला निकालाची तुमची प्रत अजून माझ्याकडेच आहे, ती घेऊन येईन. कपाटाचा खालचा कप्पा आवरायचा राहिला आहे.

तुमची,
तालुका कोर्टातली एक वकील