एफडी मोडू नका

स्टुटगार्ट
१६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलणं होतं, तरी हे लिहून पाठवतेय. फोनवर बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि विषय तिथेच राहतो. लिहिलेलं मात्र ते चष्मा लावून दोनदा वाचतात. अमोघ प्रिंट काढून देईल.

आधी नोकरीचं. आई, नोकरी आहे. बाबांनी वाचलेली बातमी खरी आहे, फोक्सवॅगनमधली ३५ हजार पदं कमी होणार आहेत, पण २०३० पर्यंत हळूहळू आणि कुणाला जबरदस्तीने न काढता. तसा करार युनियनशी गेल्या डिसेंबरात झालाय. मी तिथे नाही. आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग करते, त्यामुळे झळ आम्हालाही लागते, ते लपवत नाही. जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं आकसली. ऑर्डरी कमी झाल्या की इथे बऱ्याच कंपन्या लगेच माणसं काढत नाहीत, कामाचे तास कमी करतात. आमच्या विभागात सध्या पाचऐवजी चार दिवस काम आहे. पाचव्या दिवसाचा जो पगार बुडतो, त्यातले साठ टक्के सरकारची रोजगार संस्था भरून देते. म्हणजे हातात शंभर येत होते तिथे साधारण ब्याण्णव येतात. एवढंच झालंय. एप्रिल २०२० मध्ये इथे साठ लाखांच्या आसपास लोक असेच कमी तासांवर होते.

आणि समजा नोकरी गेलीच, तर दर महिन्याला पगारातून जो बेकारी विमा कापला जातो त्यातून वर्षभर हातातल्या पगाराच्या साठ टक्के मिळतात. कायम राहण्याचा परवाना मिळालेला आहेच, त्यामुळे बॅग भरून निघावं लागणार नाही. सहा महिन्यांचं भाडं, वीज, जेवण निघेल एवढी रक्कम मी वेगळ्या खात्यात ठेवलीय, तिला हात लावत नाही. काटकसर करते म्हणजे उपाशी राहत नाही. आई, व्हिडिओ कॉलवर मी बारीक दिसते ते या खोलीतल्या दिव्यामुळे.

दिवाळीला आले नाही ते पैसे नव्हते म्हणून नाही. तिकिटाची रक्कम त्या खात्यात टाकली, कारण तेव्हा चार दिवसांच्या कामाची नुकतीच कुणकुण लागली होती. मोतीबिंदूच्या वेळी बाबांना डोळ्यात थेंब घालायला अमोघ होता, लक्ष्मीपूजनाला तुम्ही तिघंच होतात, हे मला कळतं. डब्यातला लीलो चेवडो, आपला बडोद्याचा चिवडा, अजून पुरवून खातेय.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत की महिन्याच्या खर्चात "दायित्व विमा" हे काय लिहिलंयस, बंद कर. तो बंद करायचा नाही, आणि का ते नीट सांगते, कारण मलाही हे समजायला वेळ लागला. आरोग्य विमा वेगळा, तो सक्तीचाच आहे. हा विमा माझ्या वस्तूंचा नाही, माझ्या हातून दुसऱ्याचं काही नुकसान झालं तर त्याचा आहे. इथे बहुतेक सगळ्यांकडे तो असतो. १ जानेवारी १९०० पासून लागू असलेल्या त्यांच्या नागरी कायद्यात ८२३ वं कलम आहे: निष्काळजीपणाने दुसऱ्याचं नुकसान केलंत तर ते तुम्ही भरून द्यायचं, आणि त्याला वरची मर्यादा नाही. समजा माझ्या कपडे धुण्याच्या मशीनचा पाइप सुटला आणि खालच्यांच्या छतातून पाणी गळलं, तर त्यांचं छत, रंग, भिजलेलं फर्निचर मला भरून द्यावं लागतं. सायकलवरून जाताना कुणाला धडक बसली आणि त्या माणसाला वर्षभर कामावर जाता आलं नाही, तर त्याचा बुडालेला पगारसुद्धा. आणि किल्ली! आमच्या इमारतीत एकाच किल्लीने खालचा दरवाजा, तळघर आणि माझं घर उघडतं. ती हरवली तर सगळ्या इमारतीची कुलपं बदलावी लागू शकतात आणि बिल हरवणाऱ्याला. म्हणून विमा घेताना त्यात किल्ली आहे का, हे लोक आधी विचारतात. शेजारच्या आजींनी मला पहिल्यांदा चहाला बोलावलं तेव्हा नाव-गाव झाल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न हाच होता, हा विमा काढलास का. मला ते विचित्र वाटलं. आपल्याकडे बडोद्यात दांडिया बाजारात कुणाच्या पोराने काच फोडली तर "राहू दे हो" म्हणून मिटतं, इथे शेजाऱ्याने भरपाई मागणं उद्धटपणाचं मानत नाहीत आणि ती विमा कंपनी देते म्हणून मनंही दुखावत नाहीत. वर्षाला शंभर युरोच्या आत सगळं होतं. पैसे वाचवायचे तर मी दुसरीकडे वाचवीन, इथे नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. बाबा, माझ्यासाठी किंवा अमोघच्या लग्नासाठी एफडी मोडू नका. मला पैसे पाठवायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. ते तुमच्या म्हातारपणाचे आहेत. मुदतीआधी मोडली की व्याजाचा दर घटतो तो वेगळाच.

उलट त्या पैशांची जागा एकदा तपासा. सगळे एकाच सहकारी बँकेत आहेत, याची मला रात्री काळजी वाटते. बँक बुडाली तर ठेव विम्यातून एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच मिळतात, सगळ्या शाखा धरून. २०२० च्या फेब्रुवारीपूर्वी तर ही मर्यादा १ लाखच होती. २००१ मध्ये गुजरातेत सहकारी बँका अडचणीत आल्या तेव्हा काकांचे पैसे कसे अडकले होते, ते तुम्हीच सांगता. मॅनेजर ओळखीचे आहेत, भले आहेत, हे मान्य. पण ठेव मुदत संपेल तशी वेगवेगळ्या बँकांत वाटा. पहिलं नाव बाबांचं आणि दुसरं आईचं असलेलं खातं, आणि आईचं नाव आधी असलेलं खातं, ही विम्याला वेगळी धरतात, त्याचाही उपयोग करा. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे: साठीच्या पुढच्यांसाठी, पाच वर्षांची, ३० लाखांपर्यंत, सध्या ८.२ टक्के आणि व्याज दर तीन महिन्यांनी हातात. आज लावलेला दर पाचही वर्षं तोच राहतो, पुढे दर उतरले तरी. दोघांच्या नावे वेगळी खाती उघडता येतात. रावपुऱ्याच्या पोस्टात अमोघ बरोबर येईल. आजोबांचं बँक ऑफ बडोदातलं जुनं खातं तसंच चालू ठेवा. सयाजीरावांनी १९०८ मध्ये काढलेली बँक म्हणून आजोबांना तिचा किती अभिमान होता! आणि माझ्या पीपीएफमध्ये वर्षाचे किमान पाचशे रुपये मी इथूनच भरेन, तुम्ही भरू नका. परदेशात गेल्यावर नवीन खातं काढता येत नाही, पण जुनं मुदतीपर्यंत चालतं.

अमोघच्या लग्नाचं. आई, सोनं तोळ्याला लाखाच्या किती वर गेलंय ते तू रोज बघतेसच. त्यात वर तीन टक्के जीएसटी आणि घडणावळ. लॉकरमधल्या आजीच्या पाटल्या मोडून नव्या सुनेसाठी नवं करा. घट जाईल, घडणावळ द्यावी लागेल, तरी नवं घेण्यापेक्षा पुष्कळ कमी. त्या माझ्या नावाच्या आहेत म्हणून तू अडून बसली आहेस, हे मला ठाऊक आहे. माझी काही हरकत नाही, मी मनापासून लिहितेय. मांडवीला नवं घेताना हॉलमार्कचा सहा अक्षरांचा नंबर बघूनच घे. हॉल आणि जेवणाचा खर्च माझा. दोन लाख डिसेंबरात पाठवते, उरलेले लग्नाच्या आधी. त्यासाठी कुणाकडून उसने घेऊ नका.

सुरतच्या मावशींनी आणलेलं स्थळ. मुलगा चांगला आहे, फोटोही पाहिला. पण काम चार दिवसांचं असताना मी हो म्हणणार नाही. बाबा, हे टाळणं नाही. मार्चपर्यंत थांबायला सांगा. ते थांबणार नसतील तर मावशींना वाईट वाटू न देता नाही म्हणा. अमोघच्या लग्नाला मात्र मी येतेय, तिकीट काढलंय.

तुमची,
गौरी

ता. क. अमोघ, हॉलचा आगाऊ भरणा करण्याआधी तारीख बदलली किंवा रद्द झाली तर किती परत मिळेल, ते पावतीवर लिहून घे. नुसत्या तोंडी बोलण्यावर पैसे देऊ नकोस. बाबांना सोबत ने.