चौथ्या मजल्यावरच्या काकांना, आम्ही बँकॉकहून सुखरूप परत आल्याबद्दल

काका, लिफ्टमध्ये भेटलो की तुम्ही "काय, आलात ना नीट" एवढंच विचारून बटण दाबता आणि माझा मजला येतो, बोलणं राहूनच जातं. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. आणि सगळ्यांसमोरच लिहायचं होतं, कारण आम्ही तिघी बँकॉकला चाललोय म्हटल्यावर हसणारेही सगळेच होते. पुरुष मंडळी गालातल्या गालात, बायका तोंडावर, "अगं तिकडे बायकांनी काय बघायचं असतं?" पन्नाशीला टेकलेल्या तीन मैत्रिणी, मी पाचपाखाडीची, एक कळव्याची, एक घोडबंदर रोडची, तिघींचे पासपोर्ट कोरे करकरीत, आणि टूरमध्ये दोन संध्याकाळी मोकळ्या. आम्हाला तिथले रात्रीचे रस्ते बघायचे होते, बास. त्यात लाजायचं काय ते मला अजून समजलेलं नाही.

तुम्ही मात्र पहिला प्रश्न विचारलात, "हॉटेल कुठल्या स्टेशनजवळ?" मग किराणावाल्याच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलंत आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसलात. बोटीवर नोकरी करताना ख्लोंग तोईच्या बंदराला किती वेळा लागलो ते सांगत होतात आणि काकू आतून म्हणाल्या, "सगळं नका सांगू त्यांना." तुम्ही सगळंच सांगितलंत. पात्पोंग, म्हणजे तिथल्या बारच्या गल्ल्या, ज्यांची जागा त्या घराण्याच्या नावावरून पडलेलं नाव, १९४६ मध्ये त्यांनी ती घेतली, सिलोम आणि सुरावोंग या दोन मोठ्या रस्त्यांमधल्या त्या गल्ल्या, पुढे व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकन सैनिक सुट्टीला यायला लागले तेव्हा बार वाढले. आता मधोमध पर्स-घड्याळांचा बाजार आणि दोन्ही बाजूंना ते दिवे. हे ऐकून गेले म्हणून तिथे उभं राहिल्यावर मला भीती वाटली नाही, बाकीच्या दोघी सुरुवातीला माझा दंड धरून चालत होत्या.

पानावर "जिना चढायचा नाही" याला तुम्ही खाली दोन रेघा मारल्या होत्या. जे बघायचं ते रस्त्यावरून, तळमजल्यावरून, कोणी कार्ड दाखवून वर चला म्हणालं की मान हलवून पुढे. आता जिची गुडघेदुखी आख्ख्या टूरला पाठ झाली होती ती आमची कळवेकरीणच जिना चढली, कारण खालच्या माणसाने टॉयलेट वर आहे म्हणून सांगितलं. मी तेव्हा एका पर्सवरून घासाघीस करत होते, ठाण्याच्या स्टेशनरोडवर करते तशीच, पण कॅल्क्युलेटरवर आकडे दाबून. पंधरा मिनिटांनी तिचा फोन. वर गेल्यावर बसवलं, एक संत्र्याचा ज्यूस आणून ठेवला आणि बिल चोवीसशे बात, म्हणजे आपले सहा हजारांच्या वर! दारात एक बाई आणि एक धिप्पाड माणूस.

तिथे साडेबारा वाजले होते, म्हणजे ठाण्यात अकरा. मी तुम्हाला फोन लावला. तुम्ही दुसऱ्या रिंगलाच उचललात, म्हणजे जागेच होतात ना काका? खरं सांगा. तुम्ही ओरडला नाहीत, "सांगितलं होतं ना" म्हणाला नाहीत, जे माझ्या घरी पहिलं ऐकायला मिळालं असतं. म्हणालात, तिला सांगा आवाज चढवू नको, हसत हसत बोल, ज्यूसचे दोनशे टेबलावर ठेव, आणि फोनवर टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५ लावून स्क्रीन समोरच्याला दाखव. तिने केलं. ती बाई काहीतरी पुटपुटली, धिप्पाड माणूस बाजूला झाला आणि आमची मैत्रीण जिन्यावरून अशी उतरली की गुडघा दुखतो हे ती विसरलीच होती.

मेट्रो बंद झालेली, तुम्ही म्हणाला होतात तसंच, रात्री बारानंतर तिच्या भरवशावर राहू नका. टॅक्सीवाले चारशे मागत होते. एक नाही दोन नाही चार जणांनी मीटर म्हटल्यावर काच वर केली. घोडबंदरवाली म्हणाली, अगदी घरी आल्यासारखं वाटतंय. पाचव्याने मीटर टाकला, पस्तीसपासून सुरू झाला, आणि तुम्ही त्याचा नंबर माझ्याकडून लिहून घेऊन मगच फोन ठेवलात.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल प्रवासवर्णन लिहितेय. खाओसानला, तिथल्या पर्यटकांच्या गजबजलेल्या रस्त्यावर, गेलो. त्याचा अर्थ तांदूळ, पूर्वी तिथे तांदळाचा बाजार भरायचा, हे तुमच्या पानावर होतं आणि मी ते दोघींना असं सांगितलं की जणू मलाच माहीत होतं. सॉरी. तिथे दारू बादलीतून विकतात, खरीखुरी प्लॅस्टिकची बादली आणि त्यात स्ट्रॉ! विंचू तळून काठीला लावलेले, खायचं नसेल तर फोटोचे पैसे. घोडबंदरवालीची चतुर्थी होती, तिला तुमचा "मांगसविरत" शब्द उपयोगी पडला. आपलंच मांसविरती ना ते? ती सगळ्या गाड्यांवर तेच म्हणत फिरली आणि एका आजीबाईंनी फिश सॉसची बाटली हातात धरून नाही नाही करून दाखवलं, म्हणजे त्याशिवाय काही मिळणार नाही. शेवटी चिकट भात, नारळाचं दूध आणि आंबा. आपल्या नारळीभाताचा लांबचा नातेवाईक, पण आंबा आपला नाही, हे मी तिथेच बोलून टाकलं.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिली नसतीत तर मी केली असती. "बारमधल्या मुलींचे फोटो काढू नका, त्या नोकरीवर आल्यात, बऱ्याचजणी ईसानच्या, लांबच्या गावच्या." पात्पोंगच्या एका दुकानामागे मी अशीच एक मुलगी बघितली, उंच टाचांचे सँडल बाजूला काढून ठेवलेले, प्लॅस्टिकच्या पिशवीतून भाताचे गोळे करून खात होती, दुसऱ्या हाताने फोनवर बहुतेक घरी बोलत होती, कारण मधेच चेहरा लहान मुलाशी बोलताना होतो तसा झाला. माझा मोबाईल हातातच होता. मी तो पर्समध्ये टाकला. तिने बघितलं, हसली, मी "खोप खुन खा" म्हणाले, जे खरं तर आभार मानायला म्हणतात, का म्हणाले माहीत नाही, तेवढंच येत होतं.

तर काका, खोप खुन खा. बायकांनी खा म्हणायचं, पुरुषांनी ख्राप, हेही तुमच्याच पानावर.

ते पान आता आंब्याच्या रसाने चिकट झालंय आणि घडीवर फाटलंय. माझी नणंद दिवाळीत तिच्या भिशीच्या ग्रुपबरोबर जातेय, तिने मागितलं. तिला झेरॉक्स दिली. आणि काकूंना सांगा, तुमचा डबा माझ्याकडेच आहे, रविवारी भरून आणते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची