सर्ज प्रोटेक्टर बसवूनही लिफ्टचे कंट्रोल कार्ड जळाल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

लातूरच्या औसा रोड भागातील आमच्या गृहनिर्माण संस्थेने मागच्या पावसाळ्यात आपल्या कंपनीकडून मेन पॅनेलसाठी टाइप २ (पॅनेलमध्ये बसवायच्या प्रकारचा) सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेच्या अचानक झटक्यापासून उपकरणे वाचवणारे साधन, घेतला व तो आपल्याच तंत्रज्ञाने बसवून दिला. यंदा मे अखेरीस वळिवाच्या पावसात जवळच्या लाइनवर वीज पडली आणि लिफ्टचे कंट्रोल कार्ड व सीसीटीव्हीचा रेकॉर्डर जळाला. भरपाईच्या अर्जावर आपण दिलेले नकाराचे उत्तर आम्हाला मान्य नाही.

त्या उत्तरात एकीकडे म्हटले आहे की, वीज पडणे ही नैसर्गिक आपत्ती असून तो झटका उपकरणाच्या क्षमतेबाहेरचा होता. दुसरीकडे, उपकरणावरची खूण हिरवीच असल्याने ते सुस्थितीत आहे, असेही त्यात म्हटले आहे. या दोन गोष्टी जुळत नाहीत. ४० किलोअँपिअर या कमाल क्षमतेहून बराच मोठा प्रवाह त्यातून गेला असता, तर आतला व्हॅरिस्टर (जास्तीचे व्होल्टेज आले की झटका अर्थिंगकडे वळवणारा भाग) निकामी होऊन खूण लाल व्हायला हवी होती. हिरव्या खुणेचा अर्थ एवढाच की व्हॅरिस्टर अजून जोडलेला आहे. लिफ्टच्या कार्डापर्यंत किती व्होल्टेज पोहोचले, हे तिच्यावरून कळत नाही. शिवाय विजेपासून संरक्षण म्हणून विकलेल्या वस्तूचा दावा वीज पडली या कारणाने नाकारावा, हे अजबच आहे.

आमच्या मते खरा दोष जोडणीत आहे. बसबारपासून (पॅनेलमधल्या मुख्य वीजपट्टीपासून) उपकरणापर्यंत आणि तिथून अर्थिंगच्या पट्टीपर्यंतची वायर दीड मीटरहून अधिक भरते व तिची गुंडाळी पॅनेलच्या कोपऱ्यात कोंबलेली आहे. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ही एकूण लांबी शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत असावी लागते. झटक्याचा प्रवाह काही मायक्रोसेकंदांतच शिखराला पोहोचत असल्यामुळे साध्या वायरवरही मीटरमागे सुमारे एक हजार व्होल्ट उभे राहू शकतात, आणि मग उपकरणावर छापलेली १.५ किलोव्होल्टची मर्यादा (झटक्याच्या वेळी पुढे जाऊ शकणारे व्होल्टेज) प्रत्यक्षात दुप्पट होते. वायर किती ठेवायची हे आपल्या माणसाने ठरवले होते.

त्याच्या अहवालात ‘अर्थिंग ठीक’ एवढाच शेरा आहे, ओहममधला आकडा नाही. आमच्याकडची काळी जमीन पावसाळ्यात ओली असते तेव्हा अर्थिंग चांगलीच दिसते. उन्हाळ्यात भेगा पडून अर्थिंगचा खड्डा कोरडा झाला की तिचा रोध वाढतो, आणि वळिवाच्या विजा नेमक्या त्याच दिवसांत पडतात.

रेकॉर्डरचा खर्च आम्ही मागत नाही. गेटवरच्या कॅमेऱ्याच्या केबलमधून आलेला झटका पॅनेलमधला प्रोटेक्टर अडवू शकत नाही, हे आम्हाला मान्य आहे. मात्र पाहणीच्या वेळी त्या केबलसाठी वेगळा प्रोटेक्टर लागतो, हे आपल्या प्रतिनिधीने सांगायला हवे होते.

तरी आपण पंधरा दिवसांत वायरची जोडणी मानकाप्रमाणे करून द्यावी, जुने उपकरण तपासून त्याचा लेखी अहवाल द्यावा, अर्थिंगचा रोध मोजून आकडा कळवावा आणि लिफ्टच्या कार्डाचा खर्च भरून द्यावा. तसे न झाल्यास सदोष सेवेबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

आपला विश्वासू,
सचिव, गृहनिर्माण संस्था, औसा रोड, लातूर

सोबत: खरेदीचे बिल, तंत्रज्ञाचा अहवाल, पॅनेलमधील वायरची छायाचित्रे, लिफ्ट दुरुस्तीचे बिल.